बाई बोलली असेल, तर 'बोलली' लिहा
मराठी बायबलच्या भाषांतराचे आणि सुधारित आवृत्त्यांचे काम करणाऱ्या सर्वांना खुले पत्र

आदरणीय बंधुभगिनींनो,

सलाम.

जुन्या करारातल्या शास्ते या पुस्तकाचा पाचवा अध्याय आज ना उद्या तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर येईल. त्याच्या पहिल्याच शब्दापाशी थोडे थांबावे, ही विनंती करण्यासाठी मी लिहायला बसले. तो शब्द आहे 'वत्ताशर'. हिब्रूतले एकवचनी, स्त्रीलिंगी क्रियापद. अर्थ, 'आणि ती गायली'. पुढे नावे मात्र दोन येतात: दबोरा आणि अबीनवामाचा मुलगा बाराक. गाणारी माणसे दोन, क्रियापद एकट्या बाईचे.

व्याकरण जाणणारे म्हणतील, हिब्रूत क्रियापद आधी आले की ते पहिल्या नावाशी जुळते, त्यात विशेष काही नाही. मान्य. पण पहिले नाव कुणाचे ठेवायचे, हे लिहिणाऱ्याच्या हातात होते, आणि त्याने सेनापती बाराकाचे ठेवले नाही. आपण मात्र 'दबोरा व बाराक यांनी गीत गायले' असे लिहून मोकळे होतो. 'यांनी' आले की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते; गीत नपुंसकलिंगी, म्हणून 'गायले'. हिब्रूत पहिल्या शब्दापासून उभी असलेली बाई त्या 'यांनी'त दिसेनाशी होते. 'दबोरा गायली, आणि अबीनवामाचा मुलगा बाराकही गायला' असे लिहिले तर मराठीचे काय बिघडते?

गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायाची सुरुवातही अशीच आहे. 'वत्तेदब्बेर', ती बोलली. मोशेची बहीण मिर्याम बोलली, आणि भाऊ अहरोनही. मोशेविरुद्ध दोघे बोलले, पण कोड फुटले ते एकट्या मिर्यामेला. शब्बाथ शाळेतली मुले मला दरवर्षी विचारत, 'बाई, दोघांनी चूक केली तर शिक्षा तिलाच का?' त्या प्रश्नाचे सगळे उत्तर त्या क्रियापदात आहे असे मी म्हणत नाही. पण पुढाकार तिचा होता हे ते क्रियापद सांगते, आणि ते मुलांपर्यंत पोहोचायला हवे होते. 'दोघे बोलले' असे वाचणाऱ्या मुलाला देव निव्वळ अन्यायी वाटतो.

मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबातली, निवृत्त शिक्षिका. मराठी व्याकरण शिकवण्यात नोकरी गेली. निवृत्तीनंतर हिब्रू शिकायला घेतले आणि जुना करार बोट ठेवून, शब्द लावत वाचला. विद्वत्तेचा दावा नाही. पण आयुष्यभर मराठी क्रियापदे तपासलेल्या बाईला हिब्रू वाचताना एक गोष्ट लख्ख दिसली, ती तुमच्यापुढे ठेवते: हिब्रूतल्या बायका दाखवायला आपली भाषा इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त सक्षम आहे, आणि आपण ती ताकद पुरती वापरलेली नाही.

इंग्रजीत 'गेला' आणि 'गेली' यांत फरकच नाही. मराठीत आहे. हिब्रूत 'तू' म्हणतानाही समोर बाई आहे की पुरुष हे कळते. आपल्याकडेही 'तू गेलास' आणि 'तू गेलीस' वेगळे. गीतरत्न या प्रेमगीतांच्या पुस्तकात कोण कुणाला उद्देशून बोलते आहे हे दाखवायला इंग्रजीवाल्यांना समासात टिपा घालाव्या लागतात. मराठीत ते क्रियापदानेच कळू शकते. स्तोत्र ६८ मध्ये प्रभू वचन देतो आणि ती वार्ता सांगणाऱ्यांची मोठी सेना आहे असे वचन आहे. तिथला हिब्रू शब्द 'हमवसरोत', स्त्रीलिंगी अनेकवचन: वार्ता सांगणाऱ्या बायका. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात त्या नुसत्या 'सांगणारे लोक' झाल्या, कारण इंग्रजीच्या शब्दाला लिंगच नव्हते. आपल्याला ती सबब नाही.

आता एक सावधगिरी मीच सांगते, म्हणजे माझ्या बोलण्याचा विपर्यास होणार नाही. व्याकरणातले लिंग म्हणजे बाईपण नव्हे. पाटी स्त्रीलिंगी, फळा पुल्लिंगी, पुस्तक नपुंसकलिंगी; त्यावरून कुणी काही सिद्ध करत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्याच ओळीत देवाचा 'रूआह', म्हणजे आत्मा, पाण्यावर वावरतो, आणि तिथले क्रियारूप स्त्रीलिंगी आहे. म्हणून 'आत्मा' हा शब्द स्त्रीलिंगी करा, असली मागणी मी करणार नाही. मात्र ते क्रियापद पुन्हा अनुवाद नावाच्या पुस्तकात (३२:११) येते, पिलांवर पंख धरून घिरट्या घालणाऱ्या गरुडासाठी. दोन्हीकडे एकच मराठी क्रियापद ठेवले, तर वाचणारी बाई स्वतःच दोन टोके जुळवील. माझे मागणे एवढ्याच जातीचे आहे. जे नाही ते घालू नका. जे आहे ते झाकू नका.

आमच्याकडच्या लग्नाच्या उपासनेत फासळीवर उपदेश झाला नाही असे क्वचितच होते. उत्पत्ती २:२१ मधला शब्द आहे 'त्सेला'. हिब्रू शास्त्रात तो जवळजवळ ४० वेळा येतो. कराराच्या कोशाची बाजू, निवासमंडपाची बाजू, शलमोनाच्या मंदिराच्या कडेच्या खोल्या, डोंगराची बाजू, असे त्याचे अर्थ. हाड असा अर्थ फक्त हव्वेच्या गोष्टीत घेतला जातो. यहुदी गुरूंनाही हे खटकले होते. उत्पत्तीवरच्या प्राचीन मिद्राशात, म्हणजे यहुदी विवरणात, शमुवेल बार नहमान यांचे मत दिले आहे की पहिला मानव दोन तोंडांचा होता, देवाने त्याला मधोमध विभागले. आणि 'त्सेला' म्हणजे बाजू, निवासमंडपाच्या बाजूसारखी. 'फासळी' चूक आहे असे नाही, कारण हिब्रूच्या बहिणी असलेल्या भाषांत या धातूचा तोही अर्थ आहे. पण तळटीप तरी हवी. एका सुट्या हाडापासून घडलेली बाई आणि एका अख्ख्या बाजूपासून घडलेली बाई, यांत उपदेशाला किती फरक पडतो हे तुम्ही जाणता.

आणि मराठीत तर यासाठी एक शब्द घरातच पडून आहे: कूस. आपण कुशीवर झोपतो, कूस बदलतो. तिथे कूस म्हणजे शरीराची बाजू. आणि बाईची कूस उजवते, तिथे कूस म्हणजे गर्भ. 'त्याची एक कूस घेऊन तिची स्त्री केली.' मोह होतो. पण हिब्रू शब्दाला गर्भाचा अर्थ नाही, म्हणून हे वाक्य छापा असा हट्ट मी धरणार नाही. त्याच अध्यायात 'ईश' आणि 'ईशा' या हिब्रू जोडीसाठी आपल्या पूर्वजांनी 'नर' आणि 'नारी' ठेवले आहे, ते किती नेमके बसले! भाषा साथ देते तेव्हा तिची साथ घ्यावी, एवढेच.

त्याच्या जरा आधी देव म्हणतो, माणसासाठी 'एझेर केनेग्दो' करीन. आपण 'साहाय्यक', 'मदतनीस' असे ऐकत आलो, आणि मदतनीस म्हटले की डोळ्यांपुढे हाताखालचे माणूस येते. 'एझेर' जुन्या करारात २१ वेळा येतो. दोनदा या बाईसाठी, काही वेळा युद्धातल्या कुमकेसाठी, आणि बहुतेक वेळा खुद्द देवासाठी. 'मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो', या स्तोत्रात जे साहाय्य परमेश्वरापासून येते तेही 'एझेर'. हाताखालचा कुणी डोंगरावरून येत नाही. आणि 'केनेग्दो' म्हणजे त्याच्या समोर, त्याच्या तोलाची. 'तोडीस तोड असे साहाय्य' म्हणा, 'बरोबरीचा आधार' म्हणा. शब्द तुम्ही शोधाल, तुम्ही त्यात मुरलेले आहात. फक्त स्तोत्र १२१ आणि उत्पत्ती २ या दोन्हींत शब्द एकच राहू द्या, म्हणजे ऐकणारीला कळेल की तिला कुणाच्या शब्दाने हाक मारली आहे.

आता ज्या वचनाने मला हे पत्र लिहायला लावले, त्यावर येते.

काही वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळातली एक बाई नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली होती. तिला परत पाठवताना तिथल्या मंडळीच्या एका वडीलधाऱ्या सेवकाने उत्पत्ती ३:१६ वाचून दाखवले: 'तो तुझ्यावर स्वामित्व चालवील.' देवाचे वचन आहे, म्हणाले, मोडता येत नाही. ती गेली. मी तिथे बसले होते आणि मला उत्तर देता आले नाही. आज देता येते, म्हणून देते.

त्या वचनात बाईच्या वाट्याला जे येते त्याला हिब्रूत 'इत्सावोन' म्हटले आहे. पुढच्याच वचनात पुरुषाच्या वाट्याला येते तेही 'इत्सावोन'. तोच शब्द. आपण बाईच्या बाजूला 'क्लेश', 'वेदना' लिहितो आणि पुरुषाच्या बाजूला 'श्रम', 'कष्ट'. म्हणजे तिचे दुःख शरीराचे आणि शापाचे, त्याचे दुःख मेहनतीचे आणि मानाचे. हिब्रूत असा भेद नाही. 'कष्ट' दोघांना लिहा किंवा 'क्लेश' दोघांना लिहा. पुरुषाच्या वाट्याला आलेले काटे आणि कुसळे आपण कुळव लावून, तणनाशक मारून काढतो. जमिनीत काटे राहू द्या, देवाचे वचन आहे, असे कोणी शेतकऱ्याला सांगत नाही. मग बाईच्या वाट्याला आलेली सत्ता तेवढी देवाची आज्ञा कशी झाली? ते वाक्य 'असे होईल' सांगते. 'असे कर' सांगत नाही.

आणखी दोन गोष्टी तिथेच आहेत. सर्प बोलतो ते अनेकवचनात, 'तुम्ही'. मराठीत 'तुम्ही' आदरार्थीही असल्याने ऐकणाऱ्याला वाटते की तो एकट्या हव्वेला मान देऊन बोलतोय. 'तुम्ही दोघे' म्हणता येईल, कारण तीन-सहा मध्ये स्पष्ट आहे: तिने 'इम्माह', म्हणजे तिच्याजवळ असलेल्या, नवऱ्याला फळ दिले. तो तिथेच होता. जेरोम या प्राचीन ख्रिस्ती पंडिताच्या लॅटिन भाषांतरात हा छोटा शब्द गळला, आणि पुढे पश्चिमेत शतकानुशतके हव्वा एकटीच झाडाखाली उभी राहिली. तुमच्या आवृत्तीत तो शब्द ठळकपणे राहील असे पाहा. आणि 'पाप' हा शब्द त्या अख्ख्या अध्यायात नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, हव्वेचा मुलगा काइन याच्या दाराशी.

दुसरी गोष्ट, 'तेशूका'. ओढ. हिब्रू शास्त्रात हा शब्द अवघा तीनदा येतो. एकदा इथे: तुझी ओढ नवऱ्याकडे राहील आणि तो तुझ्यावर सत्ता चालवील. एकदा काइनाच्या गोष्टीत. आणि तिसऱ्यांदा गीतरत्नाच्या सातव्या अध्यायात, जिथे ती बाई म्हणते: मी माझ्या प्रियाची, आणि त्याची ओढ माझ्याकडे. इथे ओढ त्याची आहे, आणि कुणाचीच सत्ता नाही. पुन्हा बागच आहे. तीनही ठिकाणी 'ओढ' हाच शब्द राहिला, तर मार खाऊन आलेल्या बाईला दाखवायला एक दुसरे पान हाताशी राहील.

नीतिसूत्रे ३१ आपल्याकडे मातृदिनाला वाचतात. 'सद्गुणी स्त्री कोणाला प्राप्त होते?' सगळ्यांना तोंडपाठ. हिब्रूत आहे 'एशेत हायिल'. 'हायिल' म्हणजे बळ, सामर्थ्य, संपत्ती. सैन्यालाही हाच शब्द. देवदूत गिदोनाला हाक मारतो ती 'गिब्बोर हे-हायिल', आपण तिथे वीर, बलवान म्हणतो. रूथच्या दुसऱ्या अध्यायात बवाजची, तिच्या होणाऱ्या नवऱ्याची, ओळख याच शब्दाने होते. तिसऱ्या अध्यायात बवाज रूथला 'एशेत हायिल' म्हणतो. त्याला जो शब्द, तोच तिला. आपण पुरुषांना बळ देतो आणि बाईला सद्गुण. सद्गुण वाईट नाही, पण तिथे तो लिहिलेला नाही.

मूळ कविता पाहा. हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांवर रचलेली २२ वचने, आणि सुरुवातीलाच नोंद की हे लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवले. ही बाई शेत पारखून विकत घेते. स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. वस्त्रे विणून व्यापाऱ्यांना विकते. तिच्या नवऱ्याला मिळणाऱ्या लाभासाठी शब्द वापरला आहे 'शालाल', म्हणजे लढाईतली लूट. घरच्यांना ती जे अन्न देते त्याला 'तेरेफ', म्हणजे सिंहाने आणलेली शिकार. बळाने कंबर कसते, असे सतराव्या वचनात शब्दशः आहे, आणि आपल्याकडे तर कंबर कसणे हा रोजचा वाक्प्रचार! पदर खोचून बाजाराला निघालेली नगरच्या बाजारपेठेतली बाई इथे उभी आहे, आणि आपण तिच्या हातात आरतीचे ताट दिल्यासारखा 'सद्गुणी' शब्द दिला. 'कर्तबगार' म्हणा की. हिब्रू बायबलच्या काही जुन्या प्रतींत नीतिसूत्रांनंतर लगेच रूथचे पुस्तक येते. 'अशी बाई कुणाला सापडते?' असे विचारून पान उलटले की मवाबी विधवा रूथ समोर.

आता थोडे माझ्या आजीबद्दल. ती आजोबांना आयुष्यभर 'मालक' म्हणत आली. 'आमचे मालक मळ्यात गेलेत.' शेजारच्या बाया 'धनी' म्हणत. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात देव इस्राएलाला म्हणतो: त्या दिवशी तू मला 'ईशी' म्हणशील, 'बअली' म्हणणार नाहीस. 'बअल' म्हणजे नवरा. आणि 'बअल' म्हणजे मालक, धनी. आणि बआल हे त्या परक्या दैवताचे नावही. 'ईशी' म्हणजे माझा माणूस. इंग्रजीत हे वचन समजावून सांगायला परिच्छेद लागतो. मराठीत काहीच लागत नाही. आमच्या खेड्यातल्या बायका प्रेमाने बोलतात तेव्हा नवऱ्याला 'माझा माणूस' असेच म्हणतात. 'त्या दिवशी तू मला माझा माणूस म्हणशील, माझा मालक म्हणणार नाहीस.' हिब्रूतला शब्द न शब्द मराठीत असा चपखल बसतो. आजी आज असती तर हे वचन तिला मोठ्याने वाचून दाखवले असते.

पण त्याच अध्यायाच्या आरंभी, त्याच देवाच्या तोंडी, बायकोला नागवी करीन, तिची वाट काट्यांनी अडवीन, अशी भाषा आहे. तीही जशीच्या तशी राहू द्या. सौम्य करू नका. ज्या बाईला घरात अशी भाषा ऐकावी लागते तिला ती बायबलात सापडली की धक्का बसेल, हे खरे. पण आपण ती गुळगुळीत केली तर तो धक्का तिला एकटीला, नंतर कधीतरी बसेल. तो मंडळीत, सगळ्यांसमक्ष बसू द्या, म्हणजे त्यावर बोलता येईल.

हाच मुद्दा मला शास्ते १९ बद्दल अधिक कळकळीने मांडायचा आहे. एफ्राइमच्या डोंगरातला लेवी, बेथलेहेमची त्याची उपपत्नी, आणि गिबा गावातली ती रात्र, जेव्हा तिथल्या पुरुषांनी तिच्यावर रात्रभर अत्याचार केला. हिब्रूत म्हटले आहे की तिने 'व्यभिचार' केला आणि बापाच्या घरी गेली. एका जुन्या ग्रीक परंपरेत मात्र आहे की ती त्याच्यावर रागावली आणि गेली. ही तळटीप नसेल तर प्रत्येक वाचक आधीच तिला दोषी धरून पुढे वाचतो. लेवी तिला आणायला जातो ते 'तिच्या हृदयाशी बोलायला', असे हिब्रू शब्द आहेत. पुढे तो तिच्या बापाबरोबर खातो-पितो, नोकराशी बोलतो, गिबातल्या म्हाताऱ्याशी बोलतो. तिच्याशी बोललेले एकच वाक्य पुस्तकात आहे, आणि ते सकाळी, ती उंबऱ्यावर हात टाकून पडलेली असताना: 'ऊठ, आपण जाऊ.' उत्तर आले नाही. ती तेव्हा मेली होती असे हिब्रू सांगत नाही. ग्रीक भाषांतराने ते जोडले. त्यानंतर तो सुरी घेतो आणि तिचे तुकडे करतो. ही जागा भयंकर आहे, आणि लिहिणाऱ्याने ती तशीच उघडी ठेवली आहे. कृपा करून ती बुजवू नका.

'इन्ना' या क्रियापदाबद्दलही हेच सांगेन. साराय आपल्या दासीला, हागारेला, छळते तिथे हे क्रियापद आहे. मिसरी लोक इस्राएलाला छळतात तिथे हेच. शखेम दीनाला आणि अम्नोन तामारेला जे करतो तिथेही हेच. इस्राएलाच्या बाबतीत आपण 'जाच', 'जुलूम' लिहितो. दीना-तामारेच्या बाबतीत आपली रूढ भाषा 'भ्रष्ट केले', 'अब्रू घेतली' अशी. म्हणजे राष्ट्रावर झाला तर जुलूम, आणि बाईवर झाला तर तिचीच अब्रू गेली. हिब्रूत अब्रू कुणाची गेली हे तामारच सांगते, अम्नोनाला तोंडावर: तू इस्राएलातल्या मूर्खांपैकी एक ठरशील. 'जबरदस्ती', 'अत्याचार' हे शब्द मराठीत आहेत, वर्तमानपत्रात रोज छापतो. आणि हागार? ती मिसरी, आणि तिला जाचणारी इस्राएलाची आई. निर्गमातला शब्द आधीच उलट्या दिशेने येऊन गेला आहे, हे वाचणाऱ्याला दिसले पाहिजे. याच दासीने देवाला नाव दिले, 'एल-रोई', मला पाहणारा देव.

लेवीय १२ मध्ये मुलगा झाला तर आईच्या विटाळाचे व शुद्धीचे दिवस ४०, मुलगी झाली तर ८०. लेवीय २७ मध्ये नवसाची किंमत ठरवताना २० ते ६० वर्षांच्या पुरुषाचे ५० शेकेल, बाईचे ३०. ते जसे आहे तसे छापा, त्यावर मखमल घालू नका. आणि उपदेश करणाऱ्यांना माझी विनवणी: ही वचने दाखवून 'पाहा, यहुदी धर्म बायकांना कसा वागवत होता' असे म्हणू नका. हे शास्त्र आपल्याही वेदीवर आहे. यहुदी लोकांनी याच शास्त्राशी दोन हजार वर्षे वाद घातला आहे, त्यांच्या मिश्नात, तालमुदात, म्हणजे गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथांत. त्याच तालमुदात सात संदेष्ट्र्यांची यादी आहे: सारा, मिर्याम, दबोरा, हन्ना, अबीगईल, हुल्दा, एस्तेर. आणि त्याच पानांच्या पुढे दबोरा आणि हुल्दा गर्विष्ठ होत्या म्हणून टीकाही आहे. आपल्या पाळकांनी आधी आपल्या पुस्तकांतली अशी पाने पाहावीत.

हिब्रू जाणणारी माणसे शोधायला तुम्हाला फार लांब जायला नको. कोकणातले बेने इस्राएल हे यहुदी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. त्यांच्यासाठी जॉन विल्सन या मिशनऱ्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. त्यांतले बहुतेक इस्राएलात गेले, तरी मराठी सुटलेली नाही. तुमचा मसुदा त्यांच्यापैकी दोन-चार बायकांना वाचायला द्या. हिब्रू आणि मराठी दोन्ही आजीच्या तोंडून ऐकलेल्या बाईला ज्या गोष्टी ऐकू येतील, त्या मला आणि तुम्हाला येणार नाहीत.

'रहमीम' हा शब्द अशांनाच विचारा. दया, करुणा असे आपण म्हणतो. हा शब्द 'रेहेम' म्हणजे गर्भाशय, त्याच्या कुळातला. उर्दूतून आपल्याकडे आलेला 'रहम' त्याच मुळाचा. शलमोनापुढे दोन आया आल्या, तेव्हा खरी आई कळली ती तिचे 'रहमीम' पेटून उठले म्हणून. यिर्मया ३१:२० मध्ये देव एफ्राइमाबद्दल म्हणतो, माझी आतडी त्याच्यासाठी तुटतात, आणि लगेच हा शब्द दोनदा. 'करुणा करीन' म्हटले तर ते सिंहासनावरून आल्यासारखे वाटते. आतड्याची माया, पोटात कालवणे, पोटात तुटणे, हे शब्द आपल्या आयांनी आपल्याला दिलेच आहेत. अनुवादाच्या पुस्तकात (३२:१८) देवासाठी जे क्रियारूप आहे ते प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या बाईचे. तिथे 'ज्याने तुला उत्पन्न केले' लिहून थांबू नका.

सलाफहादाच्या पाच मुलींची नावे गणनेच्या २७ व्या अध्यायात आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बापाला मुलगा नाही म्हणून जमीन का जावी, असे त्या निवासमंडपाच्या दाराशी, मोशे आणि सगळ्या मंडळीसमोर विचारतात. मोशे 'त्यांचे प्रकरण' देवापुढे नेतो. 'त्यांचे' म्हणजे त्या बायकांचे, हे दाखवणारे शेवटचे अक्षर 'नून' तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, गुंडाळ्यांत आजही मोठे लिहिले जाते. देव म्हणतो, त्या बरोबर बोलतात. (छत्तिसाव्या अध्यायात त्यांना वंशातच लग्न करण्याची अट पडते, तेही खरे.) आमच्याकडे वडील वारले की भाऊ तलाठ्याकडे जायच्या आधी बहिणींची हक्कसोडपत्रावर सही घेतात. मी स्वतः केली आहे. त्या सहीच्या दिवशी कुणी हा अध्याय वाचला नाही.

आणि हुल्दा. योशीया राजाच्या अठराव्या वर्षी मंदिरात नियमशास्त्राचे पुस्तक सापडले. यिर्मया तेव्हा हयात होता. तरी मुख्य याजक हिल्कीया आणि राजाची माणसे गेली ती यरुशलेमेच्या दुसऱ्या भागात राहणाऱ्या या बाईकडे: हे वचन देवाचे आहे का? तिने सांगितले, आहे. राजाला निरोप देताना 'ज्या माणसाने तुम्हाला पाठवले त्याला सांगा' असे म्हणाली. माणूस. 'ईश'. तो शब्द 'राजा'ने बदलू नका.

आपल्याकडेही एक झाली. पंडिता रमाबाईंनी संस्कृत शास्त्रे मुळातून वाचली होती, आणि बाईबद्दल शास्त्र काय म्हणते हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याचा परिणाम त्यांना पुरता ठाऊक होता. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावात बसून अख्खे बायबल साध्या मराठीत आणले. काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. १९२४ साली ते छापून बाहेर आले, त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात, तिथल्या बाया-मुलींच्या हातांनी. दुष्काळातून, विधवापणातून आलेल्या त्या मुली छपाईचे खिळे जुळवत होत्या. दबोरेचे नाव जुळवणारी त्यांच्यातली कोण होती, ते कुठे लिहिलेले नाही.

माझी मागणी म्हणून एवढीच आहे. पुढची सुधारित आवृत्ती छपाईला जाण्याआधी तिचे मुद्रित एखाद्या खेड्यातल्या महिला मंडळात न्या. उत्पत्ती २ आणि ३, शास्ते ४, ५ आणि १९, रूथ, होशेय २, नीतिसूत्रे ३१, हे अध्याय तिथल्या बायकांनी मोठ्याने वाचावेत आणि तुम्ही गप्प बसून ऐकावे. कुठे वाचणारी अडखळली, कुठे हसली, कुठे एकीने दुसरीकडे पाहिले, ते टिपून घ्या. जागा आमच्या गावात देता येईल. सतरंज्या आणि चहा आमच्याकडे लागला.

आपली,
जुना करार हिब्रूतून वाचणारी एक मराठी शिक्षिका